आम्हांला पंखा हवा

जलपर्यटनाच्या मोठ्या जहाजावर माणसाला लागणारी प्रत्येक वस्तू असते आणि न लागणाऱ्या वस्तू तर त्याहून अधिक असतात. तिथे पोहण्याचा तलाव असतो. म्हणजे समुद्रावर बोट, बोटीवर पाणी आणि त्या पाण्यात पुन्हा माणूस. तिथे जुगाराची टेबले असतात, नाटकगृह असते, घड्याळांची दुकाने असतात, मध्यरात्री भूक लागलीच तर पिझ्झा असतो. तुम्ही जेवायला गेलात की मागच्या मागे केबिनमध्ये येऊन टॉवेलला मुरड घालून त्याचा हत्ती किंवा माकड करणारा आणि तो तुमच्या पलंगावर बसवून ठेवणारा माणूससुद्धा असतो. नसते ती फक्त एक वस्तू. पंखा!

माझी भूमिका मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे असेल त्यांना उगाच शेवटपर्यंत वाट पाहायला नको. ज्या खोलीत माणूस झोपतो त्या खोलीत पंखा असलाच पाहिजे. मग ती खोली जमिनीवर असो, पाण्यावर असो नाही तर आकाशात असो. आकाशाचे मी गमतीने म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीरांना झोपायला जी कपाटाएवढी खोली दिलेली असते, तिच्यात पंख्याने हवा सतत खेळती ठेवलेली असते. तिथे वजनच नसल्यामुळे गरम हवा आपसूक वर जात नाही आणि झोपलेल्याने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. म्हणजे पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर माणसाला पंखा मिळतो आणि सिंगापूरहून पेनांगला जाताना मिळत नाही!

सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असा हा प्रवास होता. आमच्या लग्नाला ४५ वर्षे झाली म्हणून मुलांनी तिकिटे काढून दिली होती. केबिन 'आतली' होती. आतली म्हणजे जिला खिडकी नाही अशी. तिथे भिंतीवर एक पडदा असतो आणि पडद्यामागे भिंतच असते. अशी केबिन साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची असते. आता एवढ्याशा जागेला आपण मुंबईकर घाबरत नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत लोकांनी पिढ्यान् पिढ्या संसार केले, बाळंतपणे केली, गणपती बसवले. पण त्या खोलीला खिडकी होती आणि पुढे वीज आली तेव्हा सर्वांत आधी काय आले असेल तर दिवा आणि त्याच्या मागोमाग पंखा.

मी टूर मॅनेजरला गाठले. मुलगा मोठा गोड होता. सगळ्या पासष्टीच्या पुढच्या मंडळींना तो काका-काकू म्हणायचा.

"अरे, केबिनमध्ये पंखा दिसत नाही."

"काका, सेंट्रल एसी आहे!"

"ते कळलं. पंखा कुठे आहे?"

"काका, एसी आहे ना!"

"अरे बाबा, ताटात वरणभात आहे म्हणून पाण्याचा तांब्या नको का?"

त्याने हसून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो दुसऱ्या काकांकडे गेला. त्यांचा पासपोर्ट सापडत नव्हता. पासपोर्टापुढे पंखा म्हणजे किरकोळ बाब, हे मी समजू शकतो. पण ही जी 'एसी आहे ना' नावाची विचारसरणी आहे, तिच्याशी माझे भांडण आहे.

एसी आणि पंखा हे एकमेकांचे मोठे भाऊ-धाकटे भाऊ नव्हेत. त्यांचे धंदेच वेगळे. एसी खोली गार करतो, पंखा माणसाला गार करतो. पंखावैरी मोठ्या विजयाने सांगतात की, पंख्याने खोलीचे तपमान एका अंशानेही उतरत नाही, उलट त्याची मोटर तापते म्हणून ते किंचित वाढतेच. अगदी बरोबर आहे. पण खोलीला गार करायचे आहे कोणाला? खोलीला कुठे झोप यायची असते? झोपलेला माणूससुद्धा ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. ही उष्णता आणि घामाची वाफ त्याच्या अंगाभोवती एखाद्या अदृश्य दुलईसारखी लपेटून बसते. वाऱ्याची झुळूक आली की ती दुलई उडते, घाम वाळतो आणि जिवाला बरे वाटते. पंखा एवढेच करतो. पण हे 'एवढेच' पुरेसे असते. अंगावर हलका वारा असेल तर दोन-तीन अंश जास्त तपमानही माणसाला सुखाचे वाटते, हे आता वातानुकूलनाचे नियम करणारे इंजिनिअरसुद्धा मान्य करतात. आमच्या आजीला ते नियमांवाचून ठाऊक होते. उन्हातून कोणी घरी आले की ती आधी म्हणायची, "बस, पंख्याखाली बस." मग गुळाचा खडा, मग पाणी आणि मग 'काय काम काढलंत?'

बोटीवरच्या एसीची तऱ्हा तर विचारूच नका. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्राचे पाणीच २९-३० अंशांवर असते आणि हवा म्हणजे ओले फडके. त्या हवेतले पाणी आधी पिळून काढायचे आणि मग ती गार करायची, एवढा व्याप त्या यंत्राला करावा लागतो. मला त्याची कणव आहे. पण त्यातून केबिनमध्ये जे येते ते एका तोटीतून येते आणि ती तोटी पलंगाच्या एकाच बाजूला असते. परिणाम असा की, पलंगाची डावी बाजू लेह आणि उजवी बाजू मे महिन्यातले चंद्रपूर. मी लेहमध्ये दुलईत गुंडाळून पडलो होतो आणि आमची ही चंद्रपुरात घामाने निथळत होती. भिंतीवर तपमानाचे एक बटण होते. ते निळ्या बाजूला फिरवले की मन गार व्हायचे. शरीराला त्याची खबर लागत नसे.

यात मला विशेष लागलेली गोष्ट अशी की, ही तोटीसुद्धा नावाने आपलीच आहे. जहाजाच्या किंवा विमानाच्या छतात हवी तशी फिरवता येणारी जी गोल वाऱ्याची तोटी असते, तिला इंग्रजीत 'पंका लूव्हर' म्हणतात. पंका म्हणजे आपला पंखा! साहेब इथे आला, कचेरीच्या छताला टांगलेल्या कापडी पंख्याखाली बसला, व्हरांड्यात दोरी ओढणाऱ्या माणसावर खेकसला आणि जाताना शब्द घेऊन गेला. पुढे त्याने तो शब्द जहाजावरच्या तोटीला चिकटवला. म्हणजे नाव राहिले आणि पंखा गेला.

बरे, जहाजावर पंखा बसवणे अशक्य आहे म्हणावे, तर तेही नाही. जुन्या आगबोटींच्या केबिनमधून भिंतीला लावलेले, जाळीतले, मान हलवणारे पंखे असत. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला आणि विलायतेची वाट तांबड्या समुद्रातून जाऊ लागली. तिथला उकाडा असा की, भलेभले साहेब केबिन सोडून गादी घेऊन डेकवर झोपायला येत. इंग्रजीतल्या 'पॉश' या शब्दाची एक गोष्ट सांगतात. श्रीमंत लोक हिंदुस्थानात येताना डाव्या अंगाची आणि परत जाताना उजव्या अंगाची, म्हणजे उन्हाकडे पाठ असलेली केबिन मागून घेत आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हा शब्द झाला, असे म्हणतात. कोशकारांना याचा पुरावा सापडलेला नाही, म्हणून ते ही गोष्ट मानत नाहीत. न मानोत. गोष्ट खोटी असली तरी उकाडा खरा होता.

आणि आपली कोकणची बोट? १९६० च्या दशकात मी आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला जात असे. डेकचे तिकीट. सतरंजी पसरायची, ट्रंकेचे उसे करायचे आणि पडायचे. खाली इंजिनाची धग आणि तेलाचा वास, शेजारी कोणाचे तरी उलटीचे भांडे, पलीकडे फणस. पण वर रात्रभर असा वारा की, आई माझ्या कानाला मफलर बांधायची. सकाळी बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि आम्ही पडावातून किनाऱ्याला लागायचो. त्या बोटीवर पंखा नव्हता. त्याची गरज नव्हती, कारण समुद्राचा वारा समुद्राच्या माणसाला फुकट मिळत होता. आता तो वारा बाहेर ठेवून, भिंती बंद करून, आत आम्हांला मोजून हवा देतात. बाहेर वारा बंद केलात ना, मग आत पंखा लावण्याची जबाबदारी तुमची. हा साधा व्यवहार आहे.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे घेऊ.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. बोटीवर चढताना सामान तपासतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंची इस्त्री, एकांची चहाची किटली आणि माझा एक्स्टेन्शन बोर्ड पावती देऊन काढून घेण्यात आला. यावर मी एका शब्दाने कुरकुर केली नाही. भर समुद्रात आग लागण्याइतके भयंकर दुसरे काही नाही, कारण पळून जाणार कुठे? शिवाय बोटीवरची वीज घरच्या विजेसारखी जमिनीला जोडलेली नसते. जमीनच नसते, तर जोडणार कशाला? त्यामुळे घरी जो सर्ज प्रोटेक्टर आपले रक्षण करतो, तोच बोटीवर तापून पेट घेऊ शकतो. तेव्हा ते नियम योग्यच आहेत. पण पंखा म्हणजे इस्त्री नव्हे. बऱ्याच कंपन्या लहान पंखा नेऊ देतात, काही देत नाहीत. आधी विचारून घ्यावे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. प्रवाशाने पंखा बगलेत मारून का यावे? आपण पाहुण्याला 'येताना पाट घेऊन या' असे सांगतो का?

दुसरा आक्षेप आमच्या मेहुण्यांचा. ते दोनदा जाऊन आलेले आहेत. "बाल्कनीवाली केबिन घ्यायची होतीत, भावोजी!" बाल्कनीच्या केबिनला पैसे किती जास्त पडतात हे राहू द्या. पण बाल्कनीचे दार उघडे ठेवले की अनेक बोटींवर त्या केबिनचा एसी आपोआप बंद होतो. ते योग्यही आहे, कारण बाहेरची दमट हवा आत आली की गार भिंतींवर पाणी सुटते. म्हणजे दार उघडा आणि भिजा, नाही तर दार लावा आणि पुन्हा पंख्यासाठी माझ्याकडे या. मेहुण्यांनी यावर विषय बदलला.

तिसरा आक्षेप प्रकृतीचा. पंख्याने अंग धरते, मान आखडते, सर्दी होते वगैरे. दक्षिण कोरियात तर बंद खोलीत पंखा लावून झोपले की माणूस मरतो, अशी समजूत कित्येक वर्षे होती. आता, थेट तोंडावर जोरात वारा घेतला तर नाक-घसा कोरडा पडतो, हे खरे आहे. म्हणून तर पंख्याला मान दिलेली असते आणि रेग्युलेटर दिलेला असतो. मरणाचेच म्हणाल, तर पंख्याखाली झोपल्यामुळे माणसे मरत असती तर महाराष्ट्रात आज मतदार यादी करायला कोणी उरले नसते. आपण तर थंडीतसुद्धा पंखा लावतो आणि त्याखाली गोधडी घेऊन झोपतो. परक्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आवाजाचे काय? ती घरघर कानात नसली तर आपल्याला झोप येत नाही. बोटीवर तर तिची फारच गरज. शेजारच्या केबिनमध्ये कोणी पाणी सोडले की संडास असा काही 'फुस्स' करून हवा ओढतो की, माणूस अंथरुणात उठून बसतो. पहाटे बोट धक्क्याला लागताना पुढची यंत्रे सुरू होतात तेव्हा तर आपल्या उशाखालीच गिरणी चालू झाल्यासारखे वाटते. हे सगळे आवाज पंखा पोटात घालतो.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पलीकडचा आहे.

मी लग्न केले तेव्हा गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मिळून छताचा पंखा एकच होता. तो बाहेरच्या खोलीत. पंख्याखालच्या जागा ठरलेल्या असत. बरोबर मधोमध वडील. त्यांच्या शेजारी गावाहून आलेला पाहुणा, आणि पाहुणा नाही असा दिवस नसायचा. मग आम्ही भावंडे वयाच्या क्रमाने. आणि आई आणि नवी सून स्वयंपाकघरात. तिथे स्टोव्ह विझला तरी रात्री एकपर्यंत भिंती तापलेल्या असायच्या. वारा नावाला नाही. हे कोणी ठरवले नव्हते आणि कोणी बदललेही नव्हते. घरोघरी तसेच होते. पंख्याचे वारे कुठपर्यंत पोचते यावरून घरातल्या माणसाची पायरी कळायची.

या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना वारा घातला. सासरे तापाने फणफणले तेव्हा त्यांना, लोडशेडिंगच्या रात्री मुलांना कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने, आणि नैवेद्याच्या पानावर माशी बसू नये म्हणून देवालाही. जुन्या मराठीत हातपंख्याला विंझणा म्हणत आणि देवाला विंझणवारा घालणे ही सेवा मानत. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट, छत्री आणि पंखा दान करायची आपली रीत आहे. दान कोणाला? तर ज्याला हक्क आहे त्याला. विंझणा हातात धरणारीला वारा कोणी घालायचा, याचा उल्लेख कुठल्याही पोथीत नाही.

आणि बोटीवरच्या पहिल्याच रात्री दोन वाजता मला जाग आली तेव्हा ही उठून बसली होती. हातात जहाजाच्या दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचे पत्रक होते आणि त्याने ती वारा घेत होती. तीन वेळा स्वतःला आणि एकदा मला. मी म्हटले, "अगं, मी गारठलोय!" ती म्हणाली, "असू दे, हाताला सवय झालीय." ४५ वर्षांनंतर, नातवंडे झाल्यावर, जहाजात बसवून तिला पुन्हा त्याच बिनवाऱ्याच्या स्वयंपाकघरात झोपवायचे असेल, तर माझी त्याला हरकत आहे.

दुसऱ्या दिवशी पेनांगला उतरल्यावर मी देऊळ पाहिले नाही, किल्ला पाहिला नाही. जॉर्ज टाउनमधल्या एका दुकानातून टीचभर पंखा घेतला. फोनच्या चार्जरवर चालणारा, जेमतेम ५ वॅटचा. शेजारच्या केबिनमध्ये एक निवृत्त मरीन इंजिनिअर होते. त्यांनी सांगितले की, केबिनच्या भिंती पोलादाच्या असतात, लोहचुंबकाचा हूक झकास चिकटतो. त्यांनीच पंखा कुठे लावायचा ते दाखवले: एसीची तोटी न झाकता, तिच्या समोरच्या बाजूला, तोंड पलंगाकडे करून. म्हणजे लेहची हवा उचलून चंद्रपूरला न्यायची. त्या रात्री ही सकाळी साडेआठपर्यंत झोपली. तिची न्याहारी चुकली आणि तिने त्याची मुळीच तक्रार केली नाही. (जाता जाता एक सूचना: बॅटरीवरचा पंखा किंवा पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत ठेवावी. सामानात टाकली तर ती विमानतळावरच काढून घेतात.)

म्हणजे एवढ्या अवाढव्य शीतयंत्राला जे जमले नाही, ते ५ वॅटच्या खेळण्याने केले. आता कंपन्यांनी निदान स्वतःच्या स्वार्थाचा तरी विचार करावा. बोटीवरच्या प्रवाशांच्या सुखसोयींवर जी वीज खर्च होते तिच्यात वातानुकूलनाचा वाटा फार मोठा असतो. दर केबिनमध्ये एकेक पंखा लावला तर सगळ्या बोटीचे तपमान दोन अंश वर ठेवूनही प्रवासी सुखाने झोपतील आणि इंधन वाचेल. मग त्या पैशांतून टॉवेलचे आणखी हत्ती करा.

नवरा-बायकोच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे आहे. एसी दोघांवर एकच हवामान लादतो. पंखा तसे करत नाही. त्याला मान आहे. ती वळवता येते. एकाला वारा, दुसऱ्याला दुलई आणि दोघे एकाच खोलीत, याहून संसार म्हणजे वेगळे काय असते? भारतीय रेल्वेला हे कधीच कळले होते. स्लीपरच्या डब्यात जाळीतले पंखे असतात. ते अडले तर कंगव्याने किंवा पेन्सिलीने पाते ढकलून सुरू करावे लागतात, पण असतात! शेदोनशे रुपयांच्या तिकिटात जे मिळते ते हजारोंच्या तिकिटात मिळू नये?

आमची मागणी फार नाही. छताचा पंखा आम्ही मागत नाही. केबिनचे छत ठेंगणे असते आणि बोट डोलते, हे आम्ही जाणतो. भिंतीवरचा चालेल. तीन पात्यांचा, जाळीचा, मान हलवणारा. रेग्युलेटर मात्र पलंगावरून हात पोचेल असा हवा आणि तो बायकोच्या बाजूला हवा. पोहण्याचा तलाव नसला तरी चालेल. घड्याळांची दुकाने बंद करा. माकडाचा पुन्हा टॉवेल करा, आम्हांला तो अंग पुसायला लागतो. पण पंखा लावा.